मुलांच्या तोंडचे शब्द
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेतील भाषण)



महोत्सवाच्या ह्या पवित्र दिवसांत आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वेतिहासावर आम्ही बोलावे, अशी अपेक्षा आपणांपैकी पुष्कळांची असेल. तो विषय वडीलधाऱ्या मंडळींकडे सोपवून आम्ही आज एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. गेल्या काही महिन्यांत निरनिराळ्या घरच्या माउल्या आमच्याकडे एकच गाऱ्हाणे घेऊन आल्या, ते हे की, पोरगा वाईट शब्द शिकून आला. कोठून शिकला, असे विचारले म्हणजे प्रत्येकीचे बोट शेजारच्या घराकडे. वस्तीतल्या माउलीचे बोट कॉलनीकडे, कॉलनीतल्या बाईंचे वस्तीकडे. मराठी घरात हिंदीस दोष, हिंदी घरात तेलुगूस. आणि केरळातून आलेली आमची मंडळी तर सर्वांसच दोष देऊन मोकळी होतात. आमचीही मातृभाषा मल्याळमच, म्हणून हे बोलण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

आपले बल्लारपूर हे गावच असे आहे. कोळशाच्या खाणींनी माणसे आणिली. १९२९ साली काझीपेठेकडील लोहमार्ग येऊन जोडला गेला, त्याने आणखी आणिली. १९४५ साली स्थापन झालेल्या कागद कारखान्याने त्यांत भर घातली. जो आला तो आपली भाषा घेऊन आला, आणि भाषेच्या गाठोड्यात तळाशी शिव्याही असतातच. मोठी माणसे आपापल्या बोलीत राहतात. मुले मात्र एकाच पटांगणात खेळतात. तेथे जो शब्द चटकदार तो प्रथम उचलला जातो. प्रार्थना शिकविण्यास आम्हांस तीन महिने लागतात. एक अपशब्द शिकण्यास अर्धा तास पुरतो. ह्यात मुलांचा दुष्टपणा मुळीच नाही. मूल शब्द उचलते ते चेंडू उचलावा तसे.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. सेमिनरीत असताना फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे १६१६ साली प्रसिद्ध झालेले ख्रिस्तपुराण आम्ही थोडेबहुत अभ्यासिले होते. तेवढ्या भांडवलावर इकडे आलो. परंतु बाजारात वांगी घेण्यास ख्रिस्तपुराण उपयोगी पडेना. बोलती मराठी आम्हांस शिकविली ती चर्चच्या पटांगणात खेळणाऱ्या पोरांनी. एखादा फटका फार दूर गेला की ती एक उद्गार काढीत. तो विस्मयवाचक असावा, असे आम्ही व्याकरणाच्या आधारे ठरविले, आणि पुढच्याच रविवारी, पाच भाकरींनी पाच हजारांचा समुदाय तृप्त झाला हे सांगताना, तो उद्गार प्रवचनात योजिला. पुढे बसलेल्या बाया तोंडाशी पदर धरून खाली पाहू लागल्या. मिस्सा आटोपल्यावर एका वृद्ध गुरुजींनी आम्हांस बाजूस नेऊन हळूच सांगितले, "फादर, 'आयला' ह्या शब्दात कोणाची तरी आई आहे."

त्या दिवसापासून आम्ही शब्दांच्या पोटात पाहू लागलो. नाणे हातोहाती फिरून झिजावे, तशी शिवी झिजते. तिचे अर्धे अंग गळून जाते आणि उरलेला तुकडा सभ्य लोकही वापरतात. 'साला' हा शब्द घ्या. नाते सांगताना तो अगदी निर्दोष आहे. पण वाटेने जाणाऱ्या परक्या मनुष्यास तो म्हटला, की म्हणणारा त्याच्या बहिणीविषयी काय सुचवितो, हे ज्याचे त्याने ओळखावे. आठ वर्षांच्या मुलास ह्यातले काहीच ठाऊक नसते. बापास ठाऊक असते. तरीही मोटारसायकल सुरू झाली नाही की तो तिला तेच म्हणतो, आणि मूल मागे बसलेले असते!

तथापि प्रत्येक आडदांड शब्दावर आम्ही पापाचा शिक्का मारीत नाही. आपल्या ह्या भागात 'काय बे' म्हटल्यावाचून दोन मित्रांचे बोलणे सुरू होत नाही. पुण्याकडील पाहुण्यास तो उर्मटपणा वाटतो. येथे बरोबरीच्या सोबत्यांत तो स्नेह आहे, आणि आजोबांस म्हटला तर बेअदबी आहे. एवढा फरक मुलास समजावून दिला म्हणजे पुरे. कित्येक पालक 'बे' ऐकून चवताळून उठतात, आणि 'काळ्या', 'जाड्या', 'ढ' हे शब्द कानांवरून जाऊ देतात. आमच्या मते उलट असावयास हवे होते.

गलिच्छ शिवीस आपण सर्वच थांबवितो. तिची आम्हांस मोठी चिंता नाही. सौम्य शिवीस कोणी थांबवीत नाही, आणि प्रभूने डोंगरावरील प्रवचनात नेमके तिचेच उदाहरण घेतले आहे. खून करू नये ह्या आज्ञेचा अर्थ उलगडताना त्याने आपल्या भावास 'राका' म्हणणाऱ्याची गोष्ट काढिली. मत्तयाच्या ग्रीक शुभवर्तमानात हा आरामी शब्द भाषांतर न करता तसाच ठेविला आहे. आपल्या सीरो-मलबार उपासनेची जुनी भाषा जी सुरियानी, तिच्यातील शुभवर्तमानातही तोच शब्द आहे. आणि त्याचा अर्थ काय? रिकामा, रिकाम्या डोक्याचा. बस्स! आपल्या शाळांतून दररोज शेकडो वेळा उच्चारला जाईल असा हा शब्द. पण प्रभू त्याचा विचार मनुष्यहत्येच्या ओघात करितो. आम्ही तरुणपणी हे वाचीत असू तेव्हा ही अतिशयोक्ती असावी असे वाटे. आता तसे वाटत नाही. त्याचे कारण पुढे सांगू.

मुलांस भीती घालून हे साधत नाही, हेही सांगितले पाहिजे. अलीशा संदेष्ट्यास 'टकल्या' म्हणून चिडविणाऱ्या बेथेलच्या बेचाळीस पोरांस रानातून आलेल्या दोन अस्वलांनी फाडिले, ही राजांच्या दुसऱ्या ग्रंथातील कथा आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात मोठ्या गांभीर्याने सांगितली. आमच्या मस्तकाची स्थिती पाहता ह्या कथेत आमची काही खासगी आस्थाही असेल. इकडच्या मुलांस अस्वल ठाऊक आहे. पहाटे मोहफुले वेचावयास गेलेल्या माणसांस ते भेटते. मुलांनी कथा डोळे विस्फारून ऐकली. दुसऱ्या दिवशी पटांगणात नवा खेळ सुरू होता : एक संदेष्टा, दोन अस्वले, आणि बाकी सर्वांस 'टकल्या' ओरडण्याची मोकळीक.

मूल आणते तो केवळ आवाज. त्यास अर्थ आपण देतो. बाळाच्या तोंडून पहिल्याने अपशब्द निघाला की आजोबा हसतात, मामा पुन्हा म्हणावयास लावतो, कोणी मोबाईलवर त्याचे चित्र घेऊन नातेवाइकांस धाडितो. तोच शब्द दोन वर्षांनी निघाला की थोबाडीत बसते. मुलाने ह्यातून काय समजावे? आणि माउल्यांनो, राग मानू नका. 'मेल्या', 'मुडद्या' हे शब्द पोरांनी पटांगणात शिकले नाहीत. आपल्याच गर्भातून आलेल्या जिवंत लेकरास आपण दूध सांडल्याबद्दल मेलेला म्हणतो, ते शेजारच्या घरातून आले काय?

आता आमचे कारण सांगतो. आमच्या वर्गात गडचिरोलीच्या जंगलभागातून कामास आलेल्या एका गोंड कुटुंबाचा मुलगा होता. पोरे त्यास 'जंगल्या' म्हणत. बंड्या, बाळ्या तसेच हे लाडके नाव असावे, असा आम्ही ग्रह करून घेतला. आणि खरे सांगावयाचे तर, कानास खटकले तरी विचारण्याचा आळस केला. आम्हीही वर्गात त्यास त्याच नावाने हाक मारू लागलो. मुले हसत, तोही हसे. ज्या गावाच्या स्टेशनावर आजही गोंड राजा बल्लाळशहाचे नाव आहे, ज्याचा किल्ला वर्धेच्या काठी उभा आहे, त्या गावात त्याच्याच जातभाईच्या लेकरास आम्ही धर्मगुरू होऊन जंगली म्हणत होतो.

मुलगा वर्गास येईनासा झाला. चार रविवार गेले तेव्हा आम्ही घरी गेलो. तो आत जाऊन बसला. आम्ही त्याच्या आईस विचारिले, "जंगल्या का येत नाही?" ती माउली चुलीपाशी होती. तिने मान वर न करिता म्हटले, "फादर, माह्या पोराले नाव हाय. तुमीच तं ठेवलं."

आम्ही परत येऊन बाप्तिस्म्याची नोंदवही उघडिली. पूर्वी ह्याच धर्मग्रामात साहाय्यक म्हणून होतो, त्या काळची नोंद. अक्षर आमचे, सही आमची, आणि त्या संतनामापुढे त्याच्या आजोबाचे नाव, जे लावावे असा त्या आईचाच आग्रह होता. ते लिहिताना आम्ही तिला दोनदा विचारून घेतले होते, तेही आठवले.

पुढच्या रविवारी वर्गासमोर आम्ही त्याची क्षमा मागितली. इतर मुलांस काही बोललो नाही. बोलण्याचा अधिकार त्या दिवशी आम्हांस नव्हता. तो वर्गात नव्हताच. क्षमेची बातमी पोरांनीच त्याच्या घरी नेली. तो आणखी दोन आठवड्यांनी आला. हल्ली वर्षारंभी आम्ही हजेरीपट घेऊन घरोघर जातो आणि मुलास घरी कोणत्या नावाने हाक मारितात, हे त्याच्या आईच्या तोंडून ऐकून लिहून घेतो. तेच नाव वर्गात चालते. मुलांनी ठेविलेले दुसरे कोणतेही नाव चालत नाही, मग त्यास कितीही हसू येवो.

तो मुलगा आता वेदीसेवक आहे, आणि महोत्सवाची घंटा वाजविण्याचे काम त्याच्याकडे आहे. परवा सोबती दोर धरावयास उशिरा आला, तेव्हा "अबे, किती वेळ!" असे तो ओरडलेला आम्ही वेदीमागच्या खोलीतून ऐकिले. आम्ही झगा चढवीत होतो. तसेच चढवीत राहिलो.