धुरावरून ओळखलेलें गांव

गेल्या वर्षीं मुलाकडे म्हणून अमेरिकेंत गेलों होतों. तो कॅन्सस राज्यांत नोकरीस आहे. जाण्यामागें कारणें दोन होतीं. एक नातवंडांची भेट आणि दुसरें गांवाकडील घराचा निकाल. निवृत्त झाल्यापासून मी शहरांत राहतों, मुलगा साता समुद्रांपलीकडे. तेव्हां वडिलार्जित घर विकून टाकावें असें आम्हां दोघांच्याहि मनांत घोळत होतें. पण तो विषय काढावयास दोघांसहि धीर होत नव्हता.

मोठीं शहरें पाहून झालीं तेव्हां मीं म्हटलें, "आतां तुमच्याकडचें एखादें खेडें दाखीव. माझी सारी मास्तरकी खेड्यांत झाली. मला तेंच कळेल." मुलानें एके दिवशीं पहांटे मोटार काढली आणि आम्ही पश्चिमेकडे निघालों. त्या दिवशीं पाहिलेल्या गांवाची हकीकत आज आपणांस सांगणार आहें. गांवाचें नांव निकोडेमस. २०२० सालच्या शिरगणतींत तेथें अवघीं १४ माणसें भरलीं.

त्या प्रदेशास प्रेअरी म्हणतात. प्रेअरी म्हणजे गवताचें अफाट मैदान. डोंगर दृष्टीस पडत नाहीं. झाड दिसलेंच तर ओढ्याच्या कांठीं. वारा मात्र अष्टौप्रहर. आज तेथें गव्हाचीं व ज्वारीचीं शेतें आहेत. परंतु दीडशें वर्षांपूर्वीं तेथें केवळ गवत होतें, आणि त्या गवताच्या मुळांचें जाळें जमिनींत इतकें घट्ट विणलेलें असे कीं साधा नांगर त्यांत शिरत नसे. त्यावर गव्यांचे प्रचंड कळप चरत आणि पॉनी, शायेन इत्यादि मूळच्या जमाती त्यांची शिकार करून राहत. गव्यांची कत्तल झाली, त्या जमातींना तेथून हुसकावण्यांत आलें, आणि मग ती जमीन 'मोकळी' झाली. ही गोष्ट प्रथमच सांगितलेली बरी. पुढील कथा कितीहि उदात्त असली तरी तिच्या तळाशीं हा अन्याय आहे.

अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें १८६५ सालीं नष्ट झाली. परंतु कागदानें सुटका झाली म्हणून पोट भरत नाहीं. कालचे गुलाम आज त्याच मालकाच्या शेतावर वाट्यानें राबूं लागले. १८७७ सालीं दक्षिणेकडील राज्यांतून सरकारी सैन्याचें संरक्षणहि निघालें. उलट, १८६२ च्या कायद्यानें पश्चिमेकडे थोडी फी भरून जो कोणी पांच वर्षें राहील व जमीन कसील त्यास १६० एकर जमीन मिळत असे. त्याच वर्षीं, म्हणजे १८७७ सालीं, डब्ल्यू. आर. हिल नांवाचा एक गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ नांवाचे एक कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनीं मिळून एक मंडळी स्थापिली. केंटकी राज्यांत हस्तपत्रकें वांटलीं गेलीं. नव्या गांवाचें वर्णन असें कीं जणूं दुधामधाच्या नद्या! सप्टेंबरांत सुमारें ३०० माणसें आगगाडीनें एलिस या स्टेशनावर उतरलीं आणि तेथून ३५ मैलांची वाट तुडवून मुक्कामीं पोंचलीं. पाहतात तों गांव कोठेंच नाहीं.

पुढील वसंतांत आलेल्या तांड्यांत विलियाना हिकमन नांवाची एक बाई होती. तिनें आपली आठवण वृद्धापकाळीं सांगितली आणि ती आजहि तेथें सांगितली जाते. एलिस येथेंच तांड्यांत गोंवराची सांथ आली व कांहीं मुलें दगावलीं. त्यांना पुरून माणसें पुढें निघालीं. दोन दिवसांच्या प्रवासानंतर पुरुष आनंदानें ओरडूं लागले कीं गांव आलें. आजारी विलियाना उठून बसली, तिनें चहूंकडे नजर टाकली आणि नवऱ्यास विचारलें कीं कोठें आहे गांव? त्यानें बोटानें जमिनींतून वर चढणाऱ्या धुराच्या रेषा दाखविल्या. माणसें घुशींप्रमाणें जमिनींत बिळें खणून राहत होतीं आणि त्यांच्या चुलींचा धूर तेवढा वर येत होता. तें पाहून ती बाई रडूं लागली.

तिच्या रडण्याचा मला अचंबा वाटला नाहीं; ती राहिली याचा वाटला. कांहीं कुटुंबें तेथून परतलीं. जीं राहिलीं त्यांच्यापाशीं घोडे बोटांवर मोजण्याइतके, नांगर त्याहून कमी. कुदळीफावड्यांनीं त्यांनीं रान फोडलें. जळणास लांकूड नाहीं म्हणून सूर्यफुलाचीं ताटें व गव्यांचें वाळलेलें शेण. माळावर पडलेलीं गव्यांचीं हाडें वेंचून विकावयाचीं आणि त्यावर गुजराण करावयाची. पहिल्या हिवाळ्यांत उपासमारीची पाळी आली, तेव्हां शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनीं आपल्या शिकारींतील वांटा देऊन त्यांस जगविलें, असें तेथें परंपरेनें सांगतात. ज्यांच्या हातून भूमि निसटत होती, त्यांनींच नव्या बिऱ्हाडकरूंस घांस दिला!

माझें मन अधिक गुंतलें तें एका दुसऱ्याच गोष्टींत. जेनी फ्लेचर नांवाच्या बाईनें आपल्या जमिनींतल्या घरांतच मुलांना शिकवावयास सुरुवात केली. श्रोतेहो, मी स्वतः नोकरीच्या आरंभीं कांहीं वर्षें देवळाच्या ओंवरींत वर्ग भरविले आहेत. पावसांत पाट्या पदराखालीं घेऊन येणाऱ्या मुली मला आठवतात. परंतु दक्षिणेंतील कित्येक राज्यांत गुलामास अक्षर शिकविणें हा एके काळीं कायद्यानें गुन्हा होता, हें ध्यानांत घेतां त्या भुयारांतील शाळेची योग्यता निराळीच ठरते. छप्पर नीट होण्यापूर्वीं त्या लोकांनीं शाळा काढली.

पुढें दहा वर्षांत गांव रंगरूपास आलें. दगडी घरें झालीं, देवळें झालीं, हॉटेलें, पेढी, दुकानें निघालीं. एवढ्याशा गांवांत दोन वर्तमानपत्रें चालत. 'वेस्टर्न सायक्लोन' १८८६ सालीं आणि 'एंटरप्राइज' त्याच्या पुढील वर्षीं निघालें. येथेंच येऊन राहिलेला एडवर्ड मॅककेब हा १८८२ सालीं सबंध कॅन्सस राज्याचा हिशेब-तपासनीस म्हणून निवडून आला. त्या राज्यांत इतक्या मोठ्या पदावर निवडला गेलेला हा पहिलाच कृष्णवर्णीय गृहस्थ.

आतां एकच उणीव होती, ती आगगाडीची. आगगाडी यावी म्हणून गांवकऱ्यांनीं १८८७ सालीं १६,००० डॉलरचे रोखे देण्याचें मतदानानें ठरविलें. परंतु बोलणीं फिसकटलीं. दुसऱ्या वर्षीं दुसऱ्या एका कंपनीनें रूळ टाकले ते नदीच्या पलीकडून, कांहीं मैल दक्षिणेस. तेथें बोग नांवाचें नवें गांव वसलें. दुकानदार एकामागून एक तिकडे गेले, वर्तमानपत्रें बंद पडलीं. ज्या लोकांस दुष्काळ व थंडी हटवूं शकली नाहींत, त्यांचें गांव नकाशावरील एका रेघेनें उठविलें. पुढें १९३० नंतरचीं धुळीच्या वादळांचीं वर्षें आलीं आणि उरलेसुरले शेतकरीहि पांगले. पोस्ट १९५३ सालीं मिटलें, शाळा १९६० सालीं.

आम्ही पोंचलों तेव्हां दुपार होती. पाहण्याजोग्या इमारती पांच: दोन चर्च, एक जुनें हॉटेल, मंदीच्या काळांत सरकारी रोजगार-योजनेंतून १९३९ सालीं बांधलेलें चुनखडी दगडाचें सभागृह, आणि शाळा. १९९६ सालीं सरकारनें हें सारें राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून आपल्या रक्षणाखालीं घेतलें. रस्त्यावर चिटपांखरूं नव्हतें. मी शाळेच्या बंद दाराशीं बराच वेळ उभा राहिलों. मी जेथें वीस वर्षें शिकविलें त्या शाळेंतहि आज मुलांहून बांकेंच अधिक आहेत.

तेवढ्यांत एक वृद्ध गृहस्थ तेथें आले. त्यांचे पूर्वज त्या पहिल्या तांड्यांतले. मुलाच्या मध्यस्थीनें आमचें बोलणें झालें. मीं विचारलें, "आपल्या गांवांत माणसें किती?" त्यांनीं शांतपणें उलट विचारलें, "कोणत्या महिन्यांत?"

मग त्यांनीं समजाविलें. दरसाल जुलैच्या अखेरीस तेथें घरवापसीचा सोहळा असतो. गुलामगिरीच्या सुटकेचा तो उत्सव जवळजवळ गांवाइतकाच जुना आहे. दूरदूरच्या शहरांतून शेंकडों वंशज आपलीं मुलेंबाळें घेऊन येतात; मिरवणूक निघते, प्रार्थना होते, पंक्ती उठतात, आणि पणतवंडांना धुराची ती गोष्ट सांगतात. उत्सव संपला कीं पुन्हां तीं चौदा माणसें आणि वारा. मला आपलीं कोंकणांतलीं गांवें आठवलीं, जीं वर्षभर कुलुपांत असतात आणि गणपतींत गजबजतात. तें गजबजणें खरें, कीं तें कुलूप खरें? शिरगणतीचा कारकून कुलूप मोजतो, आणि त्याचेंहि खोटें नाहीं. चौदा माणसांनीं शाळा चालत नाहीं. पण चौदा माणसें दिवा लावून बसलीं आहेत म्हणूनच शेंकडोंना यावयास ठिकाण आहे, हेंहि तितकेंच खरें.

परतीच्या वाटेवर अंधार पडेपर्यंत आम्ही दोघेहि फारसे बोललों नाहीं. घराची गोष्ट कोणीच काढली नाहीं. मुक्कामीं उतरतांना मुलगा एवढेंच म्हणाला, "बाबा, आपल्या जत्रेची तिथि कोणती हो?" मीं ती सांगितली, त्यानें लिहून घेतली.

स्वदेशीं परतल्यावर मी प्रथम गांवीं गेलों आणि पावसाळ्यापूर्वीं घराचीं कौलें शाकारून घेतलीं. चूल पेटविली तेव्हां शेजारची म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "धूर दिसला, म्हटलं मास्तर आले."