आम्ही समुद्र पाहून आलो

आम्ही दवनीवाड्याच्या बचत गटाच्या बाया.

आपल्या वैनगंगेचं पाणी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जातं. आम्ही मात्र पश्चिमेचा समुद्र पाहून आलो. गटाच्या कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवलं. रोवणी आणि धानकापणीच्या मजुरीतून थोडे थोडे जमवले, वहीत त्यांचं वेगळं पान ठेवलं.

गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूर, तिथून एसटीने आंबा घाट उतरून रत्नागिरी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धंच तिकीट लागतं. रत्नागिरीला सगळ्यांनी मिळून गाडी ठरवली आणि आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला निघालो. वळण घेतलं की समोर पुन्हा समुद्र! गाडी थांबवून रस्त्याकडेलाच पोहे आणि जवसाची चटणी खाल्ली.

पुळ्याला एक जण हौसेने पाण्यात शिरली. पाणी गुडघ्याएवढंच होतं. पण परतणाऱ्या लाटेने पायाखालची वाळू ओढली आणि ती पडली. आम्ही एकमेकींचे हात धरून होतो, म्हणून निभावलं. बहिणींनो, तलावात पोहणारीनेही समुद्राची खात्री धरू नये. आधी तिथल्या माणसांना विचारा.

निघताना प्रत्येकीला घरी एकच प्रश्न होता : स्वयंपाक कोण करणार? सहा दिवस घरच्यांनीच केला. परतलो तेव्हा कोणाचंच घर अडलेलं नव्हतं.

वहीतलं ते पान आम्ही पुन्हा सुरू केलं आहे. तुम्हीही करा.