खांदेरी, चार मित्र आणि चुकलेली भरती

आज किल्ल्याचा इतिहास थोडा कमी आणि आमची फजिती थोडी जास्त. पण ऐका, कारण उद्या तुम्हीही बोटीत बसणार आहात.

फेब्रुवारीतला शनिवार-रविवार. आम्ही चौघे कॉलेजपासूनचे मित्र. शनिवारी गेटवेवरून लाँचने मांडवा, पुढे रिक्षाने थळ, रात्री तिथेच मुक्काम. रविवारी एका नाखवांची मासेमारीची बोट ठरवली आणि निघालो खांदेरीला. आमच्यातल्या एकाला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. त्याला पोहता येत नाही आणि गुडघ्याचं ऑपरेशनही झालंय. त्याने लाईफ जॅकेट घातलं ते शेवटपर्यंत काढलंच नाही. आम्ही तिघांनी बेटावर उतरताच काढून टाकलं, वर त्याची चेष्टाही केली. फोटो खराब येतो म्हणे!

उतरताना नाखवा म्हणाले, “अडीचला धक्क्यावर या. आज द्वितीया आहे, पाणी लांब जाईल.” मी मान हलवली. मनात मात्र म्हटलं, काकांना घरी जायची घाई दिसतेय.

आणि खांदेरी सोडवत नाही हो! कोळी बांधवांचं श्रद्धास्थान असलेलं वेताळाचं देऊळ, 1867 सालचं दीपगृह, चाकाच्या गाड्यावर अजून उभ्या असलेल्या तोफा. एक दगड तर असा, की दुसऱ्या दगडाने वाजवला तर भांड्यासारखा आवाज येतो. समोर उंदेरी दिसते. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात खांदेरी आहे.

1679 साली शिवाजी महाराजांनी इथे बांधकाम सुरू केलं, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला. त्यांची जहाजं मोठी, तोफा भारी. पण मायनाक भंडारींच्या लहान होड्या उथळ पाण्यातून रात्री रसद पोचवायच्या. वारा पडला की इंग्रजांची जहाजं जागच्या जागी, आणि आपली माणसं वल्ही मारत पसार. हे मी मित्रांना तटावर उभं राहून अगदी रंगवून सांगत होतो. समुद्र ओळखणारी माणसं जिंकली वगैरे. घड्याळात तेव्हा साडेतीन वाजले होते!

धक्क्यावर पोचलो सव्वाचारला. नाखवा काही बोलले नाहीत, इंजिन चालू केलं. वारा वाढलेला. थळला आलो तर सकाळी जिथे बोटीत चढलो होतो, तिथे नुसता चिखल. बोट बरीच अलीकडे थांबली. कमरेएवढ्या पाण्यात उतरून चालायचं. तिसऱ्या-चौथ्या पावलाला डॉक्टरचा गुडघा वळला आणि लाटेने त्याला पाडलं. डोकं पाण्याखाली गेलं ते क्षणभरच, कारण ज्या जॅकेटला आम्ही हसलो त्यानेच त्याला वर आणलं. मी हात धरेपर्यंत नाखवांनी उडी मारून त्याला खांद्यावर घेतलं होतं.

किनाऱ्यावर मी जास्तीचे पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, “पुढच्या वेळी पंचांग बघून या.”

तर मंडळी, हा हिशोब लिहून ठेवा. आपल्या मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात तिथीला पाऊणने गुणा, साधारण भरतीची वेळ मिळते. द्वितीया म्हणजे दोनाची पाऊणपट, दीड वाजता भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. त्यापुढे सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ उधाण, म्हणजे पाणी चढतं जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग, फरक कमी. हा झाला अंदाज. शेवटचा शब्द मात्र नाखवांचाच.

डॉक्टर आता बरा आहे. पण त्या दिवशी परतीच्या लाँचमध्ये तो एक शब्दही बोलला नाही, आणि आमच्यापैकी कोणाचीच त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. दोन दिवसांनी मी फोन करून माफी मागितली. तर म्हणाला, “पुढची ट्रिप अष्टमीला ठेव. आणि जॅकेट तुम्ही तिघांनीही घालायचं.”

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!