थायरॉईड आणि गरोदरपण : पहिले आठवडे वाया जाऊ देऊ नका

(राजाजीनगर, बंगळूर येथे रेल्वे व टपाल खात्यांतील मराठी कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात महिला उपसमितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण बदल्या, बढत्या आणि निवृत्तिवेतन यांवर बोललो. आता आम्ही जो विषय मांडणार आहोत तो मागण्यांच्या यादीत सहसा येत नाही, आणि घरातही तो दबक्या आवाजातच निघतो. लग्नाला तीन-चार वर्षे झाली, पाळणा हलत नाही, किंवा दिवस राहतात आणि टिकत नाहीत. मग नवस होतात, उपास होतात, शेजारपाजारचे टोमणे होतात. सून कामावरून दमून येते, केस गळतात, वजन वाढते, पाळी पुढेमागे होते. सगळे म्हणतात, "ड्यूटीचा ताण आहे." पुष्कळदा ते खरेही असते. पण काही वेळा कारण गळ्यात असते आणि ते एका रक्ततपासणीत कळते.

गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला थायरॉईड म्हणतात, पुस्तकी मराठीत अवटु ग्रंथी. शरीराचे सारे काम कोणत्या वेगाने चालायचे ते तिच्या स्रावावर ठरते. स्राव कमी पडला की सगळेच मंदावते. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे, कोरडी त्वचा, अनियमित पाळी ही त्याची लक्षणे. २०१३ साली आपल्या देशातील आठ शहरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. बंगळूर आणि मुंबई दोन्ही त्यात होती. तपासलेल्या प्रौढांपैकी शंभरात सुमारे अकरा जणांना हा विकार आढळला, आणि त्यांत स्त्रिया अधिक होत्या. म्हणजे या सभागृहातही अशा अनेक जणी बसलेल्या असतील.

तपासणीच्या कागदावर टी.एस.एच. असे लिहिलेले असते. हा आकडा वाढला की माणसे म्हणतात, "थायरॉईड वाढला." प्रत्यक्षात बहुतेक वेळा अर्थ उलटा असतो. रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हे कंट्रोल ऑफिस आणि थायरॉईड हे स्टेशन. स्टेशनकडून उत्तर आले नाही की कंट्रोल पुन्हा पुन्हा फोन करते. टी.एस.एच. म्हणजे तो फोन. आकडा जितका मोठा, तितके स्टेशन सुस्त. गोळी घेतल्यावर आकडा खाली येतो, कारण कंट्रोलला उत्तर मिळू लागते.

मूल होण्याशी याचा संबंध असा. स्राव कमी असला की स्त्रीबीज दर महिन्याला वेळेवर सुटतेच असे नाही, आणि गर्भपाताचा धोकाही वाढतो. उपचार सुरू झाले की पुष्कळ जणींची पाळी मार्गावर येते आणि दिवसही राहतात. म्हणून मूल हवे असे ठरवलेल्या आणि थायरॉईडची गोळी चालू असलेल्या प्रत्येक भगिनीने आधी डॉक्टरांना भेटावे. दिवस राहण्यापूर्वी टी.एस.एच. साधारण २.५ च्या आत असावा, असा आज सर्वसाधारण सल्ला आहे.

इथे पुरुष बांधवांना एक स्पष्ट सांगतो. मूल होत नाही म्हटले की तपासणीला बायकोलाच पुढे केले जाते. पुरुषाची वीर्यतपासणी ही सोपी आणि कमी खर्चाची आहे. दोघांच्या तपासण्या एकाच वेळी व्हाव्यात. तिच्या थायरॉईडचा कागद हाती आला म्हणून तिच्यावर ठपका ठेवण्याचा हक्क कोणालाही मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी सुमारे बाराव्या आठवड्यापासून काम करू लागते, आणि पुरेसे काम तर त्याहून आणखी काही आठवड्यांनी. तोवर बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागणारा हा स्राव आईकडूनच जातो. निरोगी स्त्रीची ग्रंथी त्यासाठी जादा काम करते. जिची ग्रंथी आधीच थकलेली आहे तिला ते जमत नाही, म्हणून तिच्या गोळीचा डोस वाढवावा लागतो, साधारण पाव ते एक तृतीयांश. ही वाढीव गरज अगदी पाचव्या आठवड्यापासून सुरू होऊ शकते. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा झाला असतो, तेव्हाच गरज वाढलेली असते.

आपल्याकडे काय होते? पाळी चुकली की महिनाभर वाट पाहायची. मग घरच्या वडीलधाऱ्यांना सांगायचे. मग रजा मिळेल त्या दिवशी दवाखाना गाठायचा. नाव नोंदवेपर्यंत दहावा, बारावा आठवडा उजाडतो. ज्या आठवड्यांत बाळ पूर्णपणे आईवर अवलंबून असते, नेमके तेच आठवडे हातचे जातात.

आमच्यातल्याच एका भगिनीची हकीकत तिच्या संमतीने, नावगाव न सांगता देतो. ती टपालाच्या वर्गीकरणात रात्रपाळी करते. दोन वर्षे थायरॉईडची गोळी चालू होती. दिवस राहिले आणि घरच्यांनी सांगितले, "आता कसलीही औषधे नकोत, बाळाला बाधतील." तिने गोळी बंद केली. तपासणीसाठी सकाळी थांबायचे तर रजा हवी. कार्यालयात माणसे कमी, रजा पुढे ढकलली गेली. अकराव्या आठवड्यात गर्भ गेला. गोळी थांबवल्यामुळेच तसे झाले, असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. कित्येक गर्भपातांचे कारण कधीच कळत नाही. पण ती भगिनी आम्हाला म्हणाली, "मला कोणी एक वाक्य आधी सांगितले असते तर निदान हा सल तरी राहिला नसता." ते एक वाक्य असे : गरोदरपणात थायरॉईडची गोळी बंद करायची नसते, बहुधा वाढवायची असते.

ही गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. आपली ग्रंथी जो स्राव तयार करते तोच यात असतो, परके काही नसते. १८९१ साली इंग्लंडातील न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका रुग्ण स्त्रीला बरे केले. १९१४ मध्ये अमेरिकेत केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले, आणि १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झाले. शंभर वर्षांहून अधिक अनुभव या उपचाराच्या पाठीशी आहे. योग्य डोसात ती गरोदरपणातही चालते आणि अंगावर पाजतानाही चालते. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत तिचा समावेश आहे आणि ती महागही नाही.

त्याच भगिनीने पुढच्या वेळी काय केले ते ऐका. आधी टी.एस.एच. तपासून तो आवाक्यात आणला. डॉक्टरांना विचारले, "पाळी चुकली तर पहिल्या दिवसापासून मी काय करू?" डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले : चाचणी होकारार्थी आली की आठवड्यातून दोन गोळ्या जादा घ्यायच्या आणि त्याच आठवड्यात रक्त तपासायचे. सातऐवजी नऊ गोळ्या, एवढाच तो हिशेब. ती चिठ्ठी तिने डब्याच्या पिशवीत ठेवली होती. आज तिची मुलगी शाळेत जाते. प्रत्येकीचा डोस निराळा असतो, म्हणून हा हिशेब कोणी परस्पर उचलू नये. पण असा कागद आधीच लिहून घेणे प्रत्येकीला शक्य आहे.

गोळी घेण्याची रीतही महत्त्वाची आहे. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, नाश्ता काही नको. सर्वांत मोठी चूक होते ती लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची. गरोदर स्त्रीला दवाखान्यातून या दोन्ही मिळतात आणि ती सगळ्या एकदम गिळून मोकळी होते. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडची गोळी अंगी लागू देत नाहीत. मध्ये किमान चार तास ठेवावेत. थायरॉईडची पहाटे, लोहाची दुपारी जेवणानंतर, कॅल्शियमची रात्री, असे वेळापत्रक भिंतीवर लावावे. ज्यांची पाळी फिरती आहे, त्यांना पहाट कुठली आणि रात्र कुठली? त्यांनी डॉक्टरांना विचारून झोपण्यापूर्वीची वेळ ठरवावी. शेवटच्या खाण्यानंतर तीन तास गेले की तीही चालते. एखाद्या दिवशी चुकलीच, तर घाबरू नये आणि सोडूनही देऊ नये.

तपासणी किती वेळा करावी? गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात दर चार आठवड्यांनी, आणि तिसाव्या आठवड्याच्या सुमारास निदान एकदा. बाळंतपणानंतर डोस बहुधा पूर्वीवर आणतात आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. बाळाची थायरॉईड तपासणीही जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत करून घ्यावी. जन्मजात कमतरता वेळीच सापडली तर बुद्धीची हानी टाळता येते.

ज्यांना आजवर हा विकार निघालेला नाही त्यांचे काय? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. जिच्या घरात थायरॉईडचा विकार आहे, जिला पूर्वी गर्भपात झाले आहेत, मूल होण्यास अडचण आली आहे, मधुमेह आहे किंवा वजन फार आहे, अशा स्त्रियांची तपासणी पहिल्याच भेटीत करावी, असे त्यांत सांगितले आहे. आकडा किंचित वाढलेला असेल तर गोळी द्यावी की नाही याबद्दल डॉक्टरांतही मतभेद आहेत. तेव्हा कागदावर एक ठळक आकडा दिसला म्हणून रात्रभर जागू नये, डॉक्टरांशी बोलावे.

मिठाबद्दलही एक शब्द. थायरॉईडला आयोडीन लागते. हिमाचलातील कांग्रा खोऱ्यात १९५० च्या दशकात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे दाखवून दिले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. किनाऱ्यावरचे आयोडीनयुक्त मीठ डोंगराळ मुलखात पोचवण्याचे काम रेल्वेच्या वाघिणींनी केले. त्या कामात आपल्या मागच्या पिढीचा घाम आहे. मात्र एकदा ग्रंथी मंदावली की नुसते मीठ बदलून गोळी सुटत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता सोयीसवलतींकडे वळू. रेल्वेच्या भगिनींना रेल्वेचे दवाखाने आहेत. टपाल खात्यातील भगिनींना केंद्र सरकारची आरोग्य योजना किंवा वैद्यकीय खर्चाची भरपाई आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या स्त्रिया पीण्या आणि यशवंतपूर भागातील कारखान्यांत काम करतात. त्यांच्या पगारातून राज्य विम्याची वर्गणी कापली जात असेल, तर त्यांच्यासाठी इथे राजाजीनगरातच राज्य विमा महामंडळाचे मोठे रुग्णालय आहे. वर्गणी भरायची आणि दवाखान्याची पायरी चढायची नाही, हे आपल्या हिताचे नाही. शिवाय दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते.

केंद्र सरकारी नोकरीत प्रसूती रजा पूर्वी ९० दिवस होती, १९९७ नंतर १३५ झाली आणि २००८ पासून १८० आहे. कारखान्यांत १२ आठवडे होते ते २०१७ मध्ये २६ झाले. गर्भपात झाल्यास केंद्रीय कर्मचारी स्त्रीला संपूर्ण सेवाकाळात ४५ दिवसांपर्यंत रजा मिळते. अनेक जणींना हे माहीतच नसते, आणि त्या दुःखातही किरकोळ रजा टाकून चौथ्या दिवशी कामावर येतात.

तरीही एक जागा रिकामी आहे. प्रसूतीची रजा बाळंतपणाच्या आसपास उपयोगी पडते. पण पाचव्या, नवव्या, तेराव्या आठवड्यात रक्त देण्यासाठी सकाळचे दोन तास कोण देणार? आमचे म्हणणे साधे आहे. प्रत्येक शाखेने आपल्या अधिकाऱ्यांपुढे मांडावे की गरोदर भगिनीला दर चार आठवड्यांनी तपासणीपुरती सवलत मिळावी, आणि तिला रात्रपाळीतून शक्य तितके मोकळे करावे. तोवर आपण एकमेकांची ड्यूटी सांभाळू. "माझी सकाळ तू घे, तुझी दुपार मी घेते," हा ठराव करायला कोणाची मंजुरी लागत नाही.

घरी जाताना तीन गोष्टी घेऊन जा. मूल हवे असेल तर आधी तपासणी. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात डॉक्टर. आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. इथे बसलेल्या सासूबाईंना आमची हात जोडून विनंती आहे. सुनेने पहाटे गोळी घेतली की तिचा चहा अर्धा तास उशिरा ठेवा. तेवढ्यानेही तुम्ही नातवंडाला मोठा हातभार लावाल.