मंगलाष्टकातील मराठी

इसवी सन १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'त अनेक भाषांतील कवित्वाला स्थान मिळाले आहे. या नगरीत मराठी आली ती इतर भाषांच्या पंक्तीला बसूनच.

घरात मराठी, दारात कानडी, कचेरीत इंग्रजी, असा तेथील जुन्या मराठी घरांचा रिवाज होऊन गेला. त्यांच्या लग्नमंडपातही हा शेजार दिसतो. मंगळसूत्र बांधण्याच्या क्षणी नागस्वर आणि डोलू यांचा एकच गजर होतो. त्याला तिकडे 'गट्टिमेळ' म्हणतात. पण त्याआधी अंतरपाट धरला की मंगलाष्टके सुरू होतात. प्रत्येक चरणात एकोणीस अक्षरे असलेले शार्दूलविक्रीडित, अखेरीस 'सावधान'चा पुकार, आणि अक्षतांचा वर्षाव.

व्यवहारातून मागे सरलेली भाषा लग्नाच्या सुरांत आसरा घेते, हे साता समुद्रांपलीकडेही घडले आहे. १७५५ पासून इंग्रजांनी नोव्हा स्कोशियातील फ्रेंच रहिवाशांना देशोधडीला लावले. त्यांतील पुष्कळजण पुढे अमेरिकेतील लुइझियानात स्थिरावले. त्यांचे वंशज ते केजन. त्यांच्या लग्नात व्हायोलिन आणि अ‍ॅकॉर्डियन यांच्या तालावर वधूवर पुढे आणि आप्तेष्ट मागे, अशी सभागृहातून मिरवत फेरी निघते. १९२१ च्या राज्यघटनेने तेथील शाळांत इंग्रजी सक्तीची केली. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. १९६४ मध्ये ड्यूई बाल्फा या वादकाने न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते संगीत देशापुढे नेले, आणि १९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या रक्षणासाठी मंडळ स्थापिले. तोवर एक पिढी हातची गेली होती. गाणे तरले, बोलणे ओसरले.

बंगळूरच्या मराठीने यातून काय घ्यावे? ध्वनिमुद्रित मंगलाष्टके लावली म्हणजे विधी उरकतो. पण वधूवरांची नावे गुंफून, दोन्ही कुळांचे कौतुक करीत, घरातील आत्याने किंवा मामाने नवे अष्टक रचण्याची जी रीत आहे, तिला भाषा यावी लागते. जुने जपणे थोरच. परंतु पुढच्या लग्नासाठी एक नवा श्लोक रचू शकणारे माणूस घरात असेल, तोवरच ती भाषा त्या घरची. एरवी ती मंडपात येते ती पाहुणी म्हणून, आणि अक्षता पडताच निघून जाते.