तीन हद्दींचे गाव



सुरतेजवळचे आमचे सचिन म्हटले की आज जीआयडीसीची औद्योगिक वसाहत आणि मागांचा खडखडाट आठवतो. पण हे संस्थानाचे गाव आहे, हे आल्यागेल्याला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १७९१ साली जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या बाळूमियांनी जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना सोडून दिला आणि बदल्यात हा मुलूख घेतला. पेशव्यांना जंजिरा काही मिळाला नाही. सचिनची नबाबी मात्र १९४८ पर्यंत टिकली. जेमतेम एकोणपन्नास चौरस मैलांचा मुलूख, पण नऊ तोफांची सलामी, स्वतःचे नाणे आणि स्वतःचा स्टँपपेपर!

या स्टँपपेपरवर माझा फार जीव आहे. कारण माझा उभा जन्म वकिलीत गेला. आणि संस्थानी काळात इथली वकिली सोपी नव्हती, कारण संस्थानाची गावे सलग नव्हती. काही इंग्रजी मुलखाने वेढलेली, काही बडोद्याच्या गायकवाडी गावांच्या मध्ये. शेत नबाबाचे, घर गायकवाडीत आणि सावकार सुरतेचा, अशा कुळाचे वकीलपत्र घेणाऱ्याने करायचे काय? आधी हद्द शोधायची, मग कायदा. सुरतेला एक कोर्ट, नवसारीला बडोद्याचे दुसरे, इथे नबाबाचे तिसरे. बगलेत दप्तर धरून या तिन्ही हद्दींत फिरणाऱ्या वकिलांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. ती जुन्या दस्तांच्या शेवटी, सहीपुरती उरली. ते दस्त कुणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका, एवढी कळकळीची विनंती.

आपण गावोगावाहून आलेले मराठी शिक्षक. एकाच वर्गात खानदेशी बोली, गुजराती आणि पुस्तकी मराठी अशा तीन हद्दी सांभाळता, म्हणून हे आपल्यापुढे बोललो.

आता या संमेलनाच्या व्यवस्थेबद्दल. निवासाच्या खोल्या कमी पडल्या, काहींना शाळेच्या वर्गांत गाद्या टाकून झोपावे लागले. पाण्याचा टँकर सकाळी उशिरा आला. मनापासून क्षमा मागतो. मंडप देणारे, दोन्ही दिवसांचे जेवण उचलणारे कारखानदार, भाकऱ्या थापणाऱ्या पांडेसरा-उधन्याच्या भगिनी, स्टेशनवर पहाटेपासून उभे असलेले रिक्षावाले आणि नाव सांगू नका म्हणून बजावणारे देणगीदार, यांच्यामुळेच हा मांडव उभा आहे. भोजनात भरीत आहे, सुरती लोचोही आहे. काही कमी पडले तर थेट मला सांगा. मी मंडपाच्या दाराशीच आहे.

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे स्वागत करतो आणि अध्यक्षांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.