तान्ह्याचें इसब आणि घरचें तेल

सोलापूरची हवा कोरडी. अशा हवेंत तान्ह्या बाळाची त्वचा सहज रखरखीत होते. गालांवर खाजणारे लाल चट्टे उठले, कीं घरांतील वडीलधारी मंडळी तेलाची बुधली पुढें करतात. नैसर्गिक तें निर्धोक, अशी त्यामागें श्रद्धा असते. ती मात्र श्रोत्यांनीं पारखून घ्यावयास हवी.

चटणीमुळें सोलापुरास कीर्ति देणारा शेंगदाणाच पाहा. ब्रिटनमध्यें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, ज्या मुलांस शेंगदाण्याचें वावडें होतें, त्यांना तान्हेपणीं त्याच्या तेलाचीं मलमें लावल्याचें इतरांहून अधिक आढळलें. इसबानें भंगलेल्या त्वचेवाटे अन्नाचा अंश शिरला, कीं शरीर त्यास शत्रु मानूं लागतें, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. उलट, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील प्रयोगांत तोच शेंगदाणा मऊ रूपांत पहिल्या वर्षांतच खाऊं घातल्यानें वावडें पुष्कळच घटलें.

तेव्हां शेंगदाण्याची जागा ताटांत, आणि इसब असलेल्या बाळास तोही डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच द्यावा. अंगास कोमट पाण्याची थोडक्यांत आंघोळ, आणि ओल आहे तोंच बिनवासाचें साधें मलम पुरे. चट्ट्यांतून लस वाहूं लागल्यास बुधली बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टरांस गांठावें, हेंच श्रेयस्कर.